पगार सोडण्यापूर्वीचा हिशेब : नोकरीतून स्वयंरोजगाराकडे वळणाऱ्या नवख्यांसाठी

नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू करावे की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा धाडसाचा म्हणून मांडला जातो आणि चर्चा तिथेच भरकटते. हिंमत असेल तर उडी घ्या, असे एक पक्ष सांगतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, असे दुसरा बजावतो. आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या हाती दोघांकडूनही उपयोगाचे काही लागत नाही. माझ्या मते हा मुख्यतः कामाच्या वाटणीचा आणि हिशेबाचा प्रश्न आहे. कंपनीत तुम्ही एक काम करता. परंतु ते काम विकणे, त्याचा भाव ठरवणे, पैसे वसूल करणे, कर कापून भरणे, तुम्ही आजारी असताना गाडा चालू ठेवणे आणि ग्राहक नसलेल्या महिन्यातही पगार देणे, ही सगळी कामे तुमच्या वतीने दुसरे कोणीतरी करत असते. राजीनामा दिल्याने ही कामे संपत नाहीत, ती तुमच्याकडे येतात. ती पेलण्याची तयारी कोणत्या क्रमाने करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अर्थशास्त्राने हा फरक फार पूर्वी टिपलेला आहे. रिचर्ड कँटिलॉन यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ठरलेल्या वेतनावर जगणारे आणि अनिश्चित उत्पन्नावर जगणारे असे दोन वर्ग केले आणि दुसऱ्या वर्गात व्यापारी व कारागीर यांच्याबरोबर भिकारी आणि दरोडेखोर यांनाही बसवले. आजच्या स्वतंत्र व्यावसायिकाला ही पंगत फारशी रुचणार नाही, पण तिच्यामागचा तर्क पक्का आहे. पुढे १९२१ मध्ये फ्रँक नाइट यांनी असे मांडले की उद्योजक अनिश्चितता स्वतःच्या अंगावर घेतो, इतरांना ठरावीक उत्पन्नाची हमी देतो आणि नफा हा त्या ओझ्याचा मोबदला असतो. रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये कंपन्या मुळात का निर्माण होतात याचे कारण दिले : बाजारात योग्य माणूस शोधणे, घासाघीस करणे आणि प्रत्येक व्यवहारासाठी नवा करार करणे यांचा स्वतःचा असा खर्च असतो आणि तो टाळण्यासाठी माणसे एका छपराखाली आणली जातात. त्या छपराखालून बाहेर पडणाऱ्याने तो खर्च आपल्या वहीत लिहिण्याची तयारी ठेवावी, हे ओघानेच आले.

पुढील विवेचन प्रामुख्याने स्वतःचे कौशल्य विकणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे रचनाकार, प्रोग्रामर, लेखापाल, अनुवादक, सल्लागार, प्रशिक्षक, तंत्रज्ञ अशांसाठी. मालाचा साठा आणि मोठे भांडवल लागणाऱ्या व्यवसायांचे गणित वेगळे असते.

पहिली पायरी : अपेक्षा जमिनीवर आणा

स्वयंरोजगारात पैसा जास्त मिळतो, हा समज घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बार्टन हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील आकडेवारीच्या आधारे २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की दहा वर्षे व्यवसायात असलेल्यांची मध्यक कमाई, म्हणजे सर्वांना क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्याची कमाई, तितकाच काळ नोकरीत काढलेल्यांपेक्षा ३५ टक्के कमी होती. काही थोडे जण पुष्कळ कमावतात आणि त्यांच्याच कथा सर्वत्र ऐकू येतात. मधल्या माणसाची कथा कोणी सांगत नाही. दुसऱ्या बाजूला, मॅथियास बेंझ आणि ब्रूनो फ्राय यांनी २००८ मध्ये अनेक देशांतील माहितीवरून दाखवले की स्वतःचे काम करणारे लोक नोकरदारांपेक्षा आपल्या कामावर अधिक समाधानी असतात, आणि त्याचे कारण उत्पन्नापेक्षा कामातील स्वायत्तता आणि कामाचे स्वारस्य यांत सापडते.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर निर्णयाचा पहिला निकष हाती येतो. तुम्हाला नेमके काय हवे आहे, ते एका कागदावर लिहा. केवळ अधिक पैसा हवा असेल, तर दुसऱ्या कंपनीत अधिक पगाराची जागा शोधणे हा बहुतेकांसाठी सोपा मार्ग ठरतो. एखाद्या विशिष्ट वरिष्ठाचा जाच नको असेल, तर तोही नोकरी बदलून सुटणारा प्रश्न आहे. स्वयंरोजगारात वरिष्ठ नसतो, पण त्याच्या जागी अनेक ग्राहक येतात आणि त्यांतले काही त्या वरिष्ठाहून अवघड असतात. कोणते काम घ्यायचे, कसे करायचे आणि केव्हा करायचे हे ठरवण्याचा अधिकार हवा असेल आणि त्यासाठी उत्पन्नातील चढउतार सोसण्याची तयारी असेल, तरच पुढच्या पायरीकडे वळावे.

दुसरी पायरी : पगारातून काय काय मिळत होते, ते मांडा

पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे नोकरीची पूर्ण किंमत नव्हे. भरपगारी रजा, आजारपणाची रजा, निवृत्तीसाठी कंपनीकडून जमा होणारा हिस्सा, आरोग्य विम्याचा हप्ता, संगणक आणि त्यावरील परवानाधारक सॉफ्टवेअर, बसण्याची जागा, प्रशिक्षण, कायदेशीर सल्ला, आणि अडलेल्या ठिकाणी शेजारच्या टेबलावरून मिळणारी मदत, यांतील प्रत्येक गोष्टीला किंमत आहे. प्रत्येकीसमोर वर्षाला येणारा अंदाजे खर्च लिहा. शेवटच्या गोष्टीची किंमत आकड्यात बसत नाही, पण एकट्याने काम करू लागल्यावर तिची उणीव सर्वांत आधी जाणवते, म्हणून तिचीही नोंद असावी.

करासंबंधी एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. पगारातून कर आधीच कापून घेण्याची व्यापक पद्धत अमेरिकेत १९४३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९४४ मध्ये, म्हणजे महायुद्धाच्या गरजेतून रूढ झाली, आणि आता ती अनेक देशांत इतकी अंगवळणी पडली आहे की कराची रक्कम नोकरदाराच्या हातात कधी येतच नाही. स्वतंत्र व्यावसायिकाच्या हातात मात्र ती येते, खात्यात दिसते आणि आपलीच वाटू लागते. पहिल्या वर्षाअखेरीस अडचणीत येणाऱ्या अनेकांचे दुखणे उत्पन्न कमी पडण्याचे नसते. कराचे पैसे घरखर्चात गेलेले असतात.

तिसरी पायरी : दर काढा

नवखा माणूस आपला दर बहुधा असा काढतो : महिन्याच्या पगाराला कामाच्या दिवसांनी भागायचे आणि आलेल्या आकड्यात थोडी भर घालायची. ही पद्धत मुळातच तोट्याची आहे, आणि ती का तोट्याची आहे हे एकदा सविस्तर पाहायला हवे, कारण पुढची बरीच संकटे याच एका आकड्यातून जन्माला येतात.

वर्षाचा पगार १०० धरू. वर्षात ५२ आठवडे आणि आठवड्याला ५ दिवस असे कामाचे २६० दिवस होतात आणि नोकरदाराला त्या सर्व दिवसांचे पैसे मिळतात. स्वतंत्र व्यावसायिकाने सुट्ट्या, रजा आणि आजारपण यांचे मिळून ४० दिवस वजा केले, तर २२० दिवस उरतात. हे सगळे दिवस बिलात लावता येत नाहीत. ग्राहकांशी बोलणे, प्रस्ताव लिहिणे, हिशेब ठेवणे, वसुलीचा पाठपुरावा करणे आणि नवीन शिकणे यांत सुरुवातीच्या काळात ४० टक्के वेळ सहज जातो. उरलेले ६० टक्के म्हणजे १३२ दिवस. आता गरजेकडे पाहू. पगाराएवढे १००, विमा आणि निवृत्तीची तरतूद यांसाठी २५, साधने आणि इतर व्यावसायिक खर्च १५ आणि बुडीत येणी व रिकामे महिने यांसाठी १० धरले, तर वर्षाला १५० लागतात. १५० भागिले १३२ म्हणजे दिवसाला साधारण १.१४. नोकरीतील दिवसाचा पगार १०० भागिले २६०, म्हणजे ०.३८ इतका होता. नोकरीतील स्थिती जशीच्या तशी राखायची असेल, तर दिवसाचा दर पगाराच्या दैनिक आकड्याच्या जवळपास तिप्पट असायला हवा.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे आकडे तुम्हीच घालायचे आहेत. बिलात लागणारा वेळ ६० ऐवजी ७५ टक्क्यांवर नेता आला, तर पट तीनवरून सुमारे २.४ वर येतो. म्हणून हिशेबासारखी कामे झटपट उरकण्याची सवय ही दर वाढवण्याइतकीच मोलाची आहे. तिप्पट दर मागताना संकोच वाटतो, हे खरे; परंतु ग्राहकही मूर्ख नसतो. कायमचा माणूस ठेवला तर पगाराव्यतिरिक्त किती खर्च येतो आणि काम नसतानाही तो कसा सोसावा लागतो, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

सवलतीचा हिशेबही याच वेळी करून ठेवावा. १०० च्या कामात ४० खर्च असेल, तर ६० उरतात. दहा टक्के सूट दिली की खर्च तेवढाच राहतो आणि हाती ५० पडतात. ग्राहकाच्या दृष्टीने दहावा भाग कमी झाला, तुमच्या दृष्टीने सहावा. सूट द्यायचीच असेल, तर कामाची व्याप्तीही त्या प्रमाणात कमी करावी, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळलेला बरा.

चौथी पायरी : गंगाजळी किती असावी

सहा महिन्यांचा घरखर्च साठवून मग नोकरी सोडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण त्यामागचे कारण समजून घेतले तर तो अपुरा का ठरतो हेही कळते. समजा, पहिला महिना ग्राहक शोधण्यात गेला, दुसऱ्या महिन्यात होकार मिळाला, तिसऱ्यात काम पूर्ण झाले आणि महिनाअखेरीस बिल गेले. बिलाची मुदत ३० दिवसांची असली तरी मोठ्या कंपन्यांच्या लेखा विभागातून रक्कम सुटायला ६० दिवस लागणे नवलाचे नाही. म्हणजे पहिली रक्कम पाचव्या महिन्याच्या अखेरीस हाती आली, आणि तीही सर्व काही बऱ्यापैकी सुरळीत झाले तर. सहा महिन्यांची शिल्लक ही अशा रीतीने केवळ एका व्यवहाराचा काळ पार करून देते. त्यातला एक ग्राहक मागे फिरला, तर ती संपते.

घरात दुसरे नियमित उत्पन्न असेल, तर सहा महिने पुरे मानता येतील. अवलंबून असणारी माणसे आणि चालू कर्जाचे हप्ते असतील, तर नऊ ते बारा महिन्यांची तरतूद मी किमान समजतो. ही रक्कम व्यवसायाच्या खात्यात ठेवू नये, कारण तिथे ती भांडवलासारखी दिसू लागते आणि नव्या संगणकात जिरते.

कर्जासंबंधी आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे. कर्ज देणाऱ्या संस्था स्वतंत्र व्यावसायिकाकडे बहुधा मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात, त्यामुळे घरासाठी कर्ज घ्यायचे असल्यास नोकरी सोडल्यावर काही वर्षे ते अवघड जाते. मात्र राजीनाम्याचा निर्णय पक्का झालेला असताना तो लपवून कर्ज घेणे हे चुकीची माहिती देण्यात मोडते. शिवाय उत्पन्न अनिश्चित होण्याच्या तोंडावर मोठा हप्ता गळ्यात घालून घेणे हिशेबाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही.

पाचवी पायरी : नोकरीत असतानाच सुरुवात करा, पण करारपत्र वाचून

सर्व सोडून एकदम झोकून देण्याचे फार कौतुक होते. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आहे : नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू करणाऱ्या आणि नंतर पूर्णवेळ त्यात उतरणाऱ्या लोकांनी व्यवसाय बंद करण्याची शक्यता थेट नोकरी सोडणाऱ्यांच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशाने कमी होती. याचे कारण समजण्यासारखे आहे. नोकरी चालू असताना चुकीचे दर, चुकीचे ग्राहक आणि चुकीचे अंदाज यांची किंमत पगारातून भागते आणि आपल्या कामाला खरोखर मागणी आहे की नाही, हे घर पणाला न लावता कळते.

त्याआधी नियुक्तीच्या वेळी सही केलेले करारपत्र शांतपणे वाचावे. त्यात चार कलमे शोधायची : नोकरीबाहेरील कामास मनाई आहे का किंवा पूर्वपरवानगी लागते का, नोकरीच्या काळात निर्माण केलेल्या गोष्टींवर हक्क कोणाचा, कंपनीच्या ग्राहकांशी आणि सहकाऱ्यांशी पुढे व्यवहार करण्यावर काय बंधने आहेत, आणि राजीनाम्यानंतर त्याच क्षेत्रात काम करण्यास मनाई आहे का. शेवटच्या कलमाचे बळ देशागणिक बदलते. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार सामान्यतः निरर्थक ठरतो आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातही तशीच तरतूद आहे. योगायोगाने दोन्हींचे मूळ १८७२ सालचे आहे. इतर अनेक ठिकाणी मात्र वाजवी मुदतीचे बंधन न्यायालये मान्य करतात. गोपनीयतेचे बंधन बहुतेक सर्वत्र टिकते आणि ते पाळायलाच हवे. कंपनीचा संगणक, कंपनीचे सॉफ्टवेअर आणि कंपनीचा वेळ स्वतःच्या कामासाठी वापरू नये. तसे केल्यास त्या कामावरील मालकी हक्काचा वाद ओढवून घेतल्यासारखे होते.

पूर्णवेळ उतरण्याची घटिका कशी ओळखावी, असे विचारले जाते. मी स्वतः तीन गोष्टी पाहायला सांगतो : किमान दोन ग्राहकांनी पुन्हा काम दिलेले असावे, तिसऱ्या पायरीत काढलेला दर कोणीतरी कुरकुर न करता दिलेला असावा आणि वेळ नाही म्हणून काम नाकारण्याची पाळी आलेली असावी. यांतील एकही घडलेले नसेल, तर राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवण्यास हरकत नाही, पण देऊ नये.

सहावी पायरी : पहिले ग्राहक

संकेतस्थळ, बोधचिन्ह आणि भेटपत्रे यांवर महिना घालवणे हा नवख्यांचा आवडता उद्योग आहे, कारण त्यात नकार ऐकावा लागत नाही. पहिली कामे बहुधा ओळखीतून येतात. त्यातही जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखी अधिक उपयोगी पडतात, असे मार्क ग्रॅनोव्हेटर यांचे १९७३ मधील काम सुचवते. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, तेव्हा माहिती देणारी व्यक्ती वारंवार भेटणारी होती असे सांगणारे १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. बाकीच्यांना ती माहिती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्या माणसांना बहुतेक तेच ठाऊक असते जे तुम्हाला ठाऊक आहे. नवी बातमी लांबून येते.

त्या दृष्टीने जुने सहकारी, पूर्वीच्या कंपन्यांतील माणसे, पुरवठादार आणि शिक्षणाच्या काळातील परिचित यांची यादी करावी आणि प्रत्येकाला वेगळे, थोडक्यात पत्र लिहावे. मी आता स्वतंत्रपणे काम करतो, काही असल्यास कळवा, एवढ्याने काही घडत नाही. कोणत्या प्रकारच्या ग्राहकाची कोणती अडचण तुम्ही सोडवता, हे एका वाक्यात सांगता आले, तर वाचणाऱ्याला दोन महिन्यांनी ती अडचण ऐकू आल्यावर तुमचे नाव आठवते. नोकरी सोडताना कामे नीट सोपवून आणि संबंध न बिघडवता बाहेर पडणे हा शिष्टाचार तर आहेच, पण जुनी कंपनी किंवा तिथून पुढे गेलेला एखादा सहकारी हाच पुष्कळदा पहिला मोठा ग्राहक असतो.

सातवी पायरी : अंदाज आणि करार

एखादे काम किती दिवसांत होईल, हे सांगताना माणूस पद्धतशीरपणे चुकतो. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध पूर्ण होण्याचा अंदाज विचारला. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले, आणि सर्व काही बिघडले तर किती लागतील या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तरही, सुमारे ४९ दिवस, कमीच पडले. नोकरीत अंदाज चुकला तर बैठकीत बोलणी खावी लागतात. ठोक रकमेवर काम घेतलेल्या व्यावसायिकाचा अंदाज चुकला, तर जादा दिवस तो फुकट राबतो. म्हणून पूर्वीच्या अशाच कामाला किती तास लागले याची नोंद ठेवावी आणि अंदाज त्या नोंदीवरून द्यावा, मनातल्या चित्रावरून नव्हे. नोंद नसेल, तर मनात आलेल्या आकड्याच्या दीडपट धरणे सुरुवातीला योग्य.

तासावर काम घ्यावे की ठोक रकमेवर, यावर एकमत नाही. कामाची व्याप्ती अस्पष्ट असेल तर तासाचा दर सुरक्षित. काम हातखंडा असेल आणि व्याप्ती पक्की असेल तर ठोक रक्कम फायद्याची, कारण तासाच्या दरात जलद काम करणाऱ्याचेच नुकसान होते.

करार दोन पानांचा असला तरी चालतो, पण तो लेखी असावा. काय करणार हे सगळेच लिहितात. काय करणार नाही हे लिहिणे अधिक महत्त्वाचे आहे. किती वेळा दुरुस्त्या करून दिल्या जातील, त्यापुढील दुरुस्तीचा दर काय, ग्राहकाने द्यावयाची माहिती उशिरा आली तर मुदत कशी पुढे सरकेल, काम मध्येच रद्द झाल्यास किती रक्कम देय राहील, आणि निर्मितीवरील हक्क केव्हा हस्तांतरित होतील, हे मुद्दे सुटता कामा नयेत. नोकरीत केलेल्या निर्मितीवर बहुतेक कायद्यांत मालकाचा हक्क असतो. बाहेरून करून घेतलेल्या कामाबाबत नियम देशागणिक आणि निर्मितीच्या प्रकारागणिक बदलतात. म्हणून पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क ग्राहकाकडे जातील, असे स्पष्ट वाक्य करारात असावे.

आठवी पायरी : बिल आणि वसुली

कागदावर नफा असलेला व्यवसायही हातात रोख नसेल तर बंद पडतो. वसुलीची सुरुवात बिलापासून होत नाही, आगाऊ रकमेपासून होते. काम सुरू करण्यापूर्वी तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम, मोठ्या कामात टप्प्याटप्प्याने बिले, आणि शेवटच्या टप्प्यासाठी शक्य तितकी लहान रक्कम, ही मांडणी नवख्याने आग्रहाने धरावी. आगाऊ रकमेला ठाम नकार देणारा नवा ग्राहक पुढे वेळेवर पैसे देईल, अशी आशा बाळगण्यास फारसा आधार नसतो.

उशिरा मिळणाऱ्या पैशांची तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी कायदे करावे लागले. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार सार्वजनिक संस्थांनी सामान्यतः ३० दिवसांत पैसे द्यावयाचे असतात आणि विलंब झाल्यास मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किमान ८ टक्के बिंदूंनी अधिक व्याज मागता येते. भारताच्या २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात करारातील मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या अंतराने चक्रवाढ होणारे व्याज देय ठरते. तुमच्या देशात अशी कोणती तरतूद आहे आणि तिच्यासाठी नोंदणी लागते का, ते आधीच पाहून ठेवा. कोर्टकचेरीपर्यंत जाणे लहान व्यावसायिकाला बहुधा परवडत नाही. परंतु बिलाच्या तळाशी त्या कायद्याचा उल्लेख असला, तर ते बिल ढिगाऱ्याच्या वरच्या भागात राहते. मुदत उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी सौम्य शब्दांत आठवण करावी, आणि तीही ज्याच्याशी कामाचे बोलणे होते त्याला न करता लेखा विभागाला करावी, म्हणजे कामाचे संबंध दुखावत नाहीत.

नववी पायरी : नोंदणी, खाते, कर, विमा

याबाबतचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत आणि एका लेखापालाशी तासभर बोलून ते समजून घेणे हा पहिल्या वर्षातील सर्वांत स्वस्त खर्च आहे. सर्वत्र लागू पडतील अशा गोष्टी थोड्याच आहेत. व्यवसायासाठी स्वतंत्र बँक खाते असावे. आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा वाटा त्याच दिवशी तिसऱ्या खात्यात काढून ठेवावा; वर्षातून काही हप्त्यांत आगाऊ कर भरण्याची पद्धत अनेक देशांत आहे आणि तिच्या तारखा चुकल्या की व्याज किंवा दंड लागतो. एकल मालकीत व्यवसायाचे देणे हे तुमचे वैयक्तिक देणे असते. मर्यादित दायित्वाच्या कंपनीत ते बहुतांशी वेगळे राहते, पण तिची कागदपत्रे आणि खर्च वाढतात. ज्याच्या चुकीने ग्राहकाचे मोठे नुकसान होऊ शकते अशा व्यावसायिकाने व्यावसायिक दायित्वाचा विमा घ्यावा. आरोग्य विमा मात्र राजीनाम्यापूर्वीच सुरू करावा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असेल, तर तो नोकरीच्या संरक्षणात असतानाच सुरू झालेला बरा.

दहावी पायरी : एकाच ग्राहकापासून सावध राहा

सहा-आठ महिन्यांत बहुधा असा एक ग्राहक भेटतो जो भरपूर काम देतो, वेळेवर पैसे देतो आणि हळूहळू तुमचा सगळा आठवडा व्यापतो. मन निर्धास्त होते, नवे ग्राहक शोधणे थांबते, आणि वर्षभराने लक्षात येते की ही पुन्हा नोकरीच आहे, फक्त रजा, विमा आणि सूचना कालावधी यांशिवाय. कायद्यालाही ही स्थिती परिचित आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ मध्ये स्वीकारलेल्या १९८ क्रमांकाच्या शिफारशीत, कागदावर स्वतंत्र पण प्रत्यक्षात नोकर असलेल्यांना ओळखण्याची लक्षणे दिली आहेत : दुसऱ्याच्या सूचनेनुसार आणि नियंत्रणाखाली काम, ठरवून दिलेली वेळ व जागा, केवळ एकाच पक्षासाठी केलेले काम, त्याच्याकडून मिळणारे एकमेव किंवा मुख्य उत्पन्न. यांतली बहुतेक लक्षणे जुळत असतील, तर काही देशांत ग्राहकावर आणि तुमच्यावर कराची वाढीव जबाबदारी येऊ शकते. माझ्या मते एका ग्राहकाचा वाटा वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक झाला, की त्या तिमाहीत नवा ग्राहक शोधणे हे बिलाच्या कामाहूनही आधीचे काम ठरते.

अकरावी पायरी : मागे फिरण्याची रेषा आधीच आखा

पहिल्या पायरीत उल्लेख केलेल्या कमी कमाईच्या आकड्याला एक दुरुस्ती आवश्यक आहे. गुस्ताव्हो मॅन्सो यांनी २०१६ मध्ये असे दाखवले की स्वयंरोजगार हा प्रयोग म्हणून पाहिला पाहिजे : ज्यांचे जमत नाही ते बरेच जण लवकर नोकरीत परततात आणि परतल्यावर त्यांचे वेतन फारसे घसरलेले नसते. वेळेवर परत फिरणे ही या मार्गातील जमेची बाजू आहे, आणि तिचा उपयोग करून घ्यायचा असेल तर ती वापरण्याची अट आधी ठरलेली हवी. अडचणीत सापडलेला माणूस आणखी एकच महिना, असे म्हणत गंगाजळी संपवतो. शांत मनाने आखलेली रेषा त्याला अडवते.

ही रेषा आकड्यांत लिहावी आणि घरातील ज्यांच्यावर तिचा परिणाम होणार आहे त्यांना दाखवावी. शिल्लक तीन महिन्यांच्या खर्चावर आली तर अर्धवेळ किंवा करारावरील नोकरी शोधायला लागायचे. अठरा महिन्यांनंतरही सहा महिन्यांची सरासरी कमाई ठरवलेल्या किमान रकमेच्या खाली असेल तर पूर्णवेळ नोकरीसाठी अर्ज करायचे. दोन वर्षे एकही खरी सुट्टी घेता आली नसेल, तर कमाई पुरेशी असूनही कामाची मांडणी बदलायची. तिमाहीला एकदा पाच आकडे समोर ठेवावेत : आलेली रक्कम, येणे असलेली रक्कम, बिलात लागलेल्या दिवसांचे प्रमाण, सर्वांत मोठ्या ग्राहकाचा वाटा आणि उरलेली शिल्लक किती महिन्यांची आहे. वर्षाअखेरीस खरे आकडे घालून तिसऱ्या पायरीतला दर पुन्हा काढावा, नव्या ग्राहकांना तो लगेच सांगावा आणि जुन्यांना दोन महिन्यांची पूर्वसूचना लेखी द्यावी.